बिनसंगीताचे पार्श्वसंगीतकार

आमची म्हैस परकी आहे हे आप्पांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

त्यांना कामावर घ्यायचं की नाही हे ठरवायला मालकांनी बोलावलं होतं. पिरनवाडीत आमचा ऑडिओ कथांचा छोटासा स्टुडिओ आहे. मी गोष्टी लिहिते, कलाकार त्या वाचतात, मग त्यांना आवाज आणि संगीत जोडून आम्ही पुण्याच्या एका कंपनीकडे पाठवतो आणि ती कंपनी आपल्या ॲपवर त्या लोकांना ऐकवते. आवाज जोडणारा आमचा जुना माणूस बेंगळुरूला निघून गेला, म्हणून हे साठी उलटलेले गृहस्थ आले होते. मालकांनी मोठ्या हौसेने त्यांना आमची एक गोष्ट ऐकवली. नायक गोठ्यात शिरतो, कडी वाजते, कडबा सळसळतो, म्हैस रेकते. आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि डोळे न उघडताच म्हणाले, "ही म्हैस आपली न्हाय."

मालकांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. आप्पांनी शांतपणे समजावून सांगितलं की हे जनावर कधी दावणीला बांधलेलं नाही, मोकळ्या रानातलं आहे. शिवाय धारेच्या वेळची म्हैस माणसाला हाक मारत असते आणि ही कुणालाच बोलवत नाहीये. तो आवाज आम्ही इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतला होता. मी फाइलचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं, तर ती म्हैसही नव्हती, कुठल्याशा परदेशी शेतावरची गाय होती. आमच्या श्रोत्यांनी सहा महिने ती म्हैस म्हणून ऐकून घेतली होती, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी आप्पा उचगावच्या आपल्या शेजाऱ्याची म्हैस मोबाईलमध्ये भरून घेऊन आले आणि ती आणि ते दोघेही कामावर रुजू झाले.

आप्पा उचगावचे. घरची थोडी शेती, पण शेतात त्यांचा जीव कधी रमला नाही, हे त्यांच्या बायकोने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. बेळगाव-खानापूरच्या गावागावांत जत्रेला नाटकं होतात. शेतकरी, मास्तर, कारखान्यातले कामगार दोन महिने तालमी करतात आणि एका रात्रीपुरते नट होतात. अशा नाटकांना पार्श्वसंगीत देण्याचा आप्पांचा धंदा होता. पेटी स्वतः वाजवायचे, बाकीचं कॅसेटवर. त्यांच्या घरी जुन्या जाहिरातींची चळत आहे आणि प्रत्येकीवर नटांच्या खाली, पडदेवाल्याच्या वर त्यांचं नाव आहे. ते पार्श्वसंगीतकार होते, आणि संगीताबद्दल त्यांच्याइतका कंजूष माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची. तिच्यात एक कडी-कोयंडा, पत्र्याचा तुकडा, जुनं नऊवारी लुगडं, हरभऱ्यांनी भरलेला डबा आणि टाळं हरवलेली किल्ली. लुगडं बाईच्या चालण्याच्या आवाजासाठी. किल्ली कशासाठी ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रस्त्याने चालताना ते मध्येच थांबायचे आणि आपण बोलत पुढे जायचो. मागे वळून बघावं तर आप्पा कुणाच्या तरी दारात उभे. उचगावात एका चहावाल्याच्या आतल्या दाराचं बिजागर इतकं सुरेख करकरायचं की आप्पांनी त्या माणसाला तेल घालू नको म्हणून गळ घातली. तो बिचारा हो म्हणाला. त्याच्या बायकोने मात्र आप्पांना चहा द्यायचा बंद केला, कारण दाराची करकर दिवसभर तिलाच ऐकावी लागत होती. तरी आप्पा जातच राहिले, दुसरीकडे चहा पिऊन.

माणसांनाही ते आवाजावरून ओळखायचे आणि आवाजावरूनच नाव ठेवायचे. विचार करताना पेनचं बटण टिकटिकवायची मला सवय आहे. मी लगेच टिकटिक झाले. मालकांचं नाव फटफट होतं, त्यांच्या चपलांवरून. ते त्यांच्या तोंडावर कधी घेतलं गेलं नाही, पण मालकांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी नवे बूट घेतले तर आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते, कोण येतंय तेच कळेना म्हणाले.

आमच्या जागेचाही एक इतिहास आहे. स्टुडिओ पिठाच्या गिरणीच्या वर आहे. ध्वनिमुद्रणासाठी गिरणीवरची खोली कुणी घेईल काय? आमच्या मालकांनी घेतली. ते जागा बघायला आले तो नेमका गिरणीच्या सुट्टीचा दिवस होता आणि त्यांना ती जागा फारच निवांत वाटली. करार झाल्यावर दुसऱ्या दिवशी जमीन थरथरू लागली. मग आम्ही एक पद्धत बसवली. लाईट गेली की गिरणी थांबते, गल्लीतले पंखे, टीव्ही, वेल्डिंगचं दुकान सगळं थांबतं. तेवढ्यात इन्व्हर्टरवर आमचं रेकॉर्डिंग. लाईट गेली की सगळं बेळगाव कपाळाला हात लावतं आणि आम्ही चहाचे कप तसेच टाकून माईककडे धावतो.

आप्पा आल्यावर या धावपळीला शिस्त आली. ते वर बसून खाली काय दळलं जातंय ते सांगायचे. "आता ज्वारी हाय, धा मिन्टं. मग मिरची." मिरचीच्या वेळी रेकॉर्डिंग अशक्य, कारण सगळेच शिंकायचे. गिरणीवाल्या अण्णांशी त्यांनी कानडीत दोस्ती केली आणि ऐन निकडीला अण्णा पाच मिनिटं पट्टा उतरवून ठेवू लागले. माईक सुरू करायच्या आधी इतर ठिकाणी 'सायलेन्स' म्हणतात. आप्पा जिन्यात येऊन खालच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "सुम्म." आमच्याकडे आई पोराला गप्प करताना हाच शब्द वापरते. त्यामुळे कुणालाच राग येत नसे. महिन्याभरात दळणाला आलेल्या बायकाच एकमेकींना सुम्म करू लागल्या.

संगीताचं त्यांचं मत जेवणाच्या पानावरून यायचं. लोणचं डावीकडे असतं, ते भाताच्या जागी वाढलं तर कोण जेवणार, असं ते विचारायचे. म्हणजे त्यांना संगीत आवडत नव्हतं असं नाही. लाईट असताना, म्हणजे आमच्या रिकाम्या वेळात, ते पेटी काढून गिरणीच्या सुरात सूर मिळवत बसायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद असायचा की बघत राहावं. एका गोष्टीत मुलीने लावलेला फोन गावाकडे कुणी उचलत नाही. तिथे त्यांनी स्वतःहून पेटीचे चार सूर दिले. तेही घंटी थांबून बऱ्याच वेळाने. मी कारण विचारलं तर म्हणाले, बोलणं संपलंय आणि माणूस अजून जागचा हललेला नाही, तेवढीच जागा संगीताची.

हे शहाणपण त्यांना एका फजितीतून मिळालं होतं. ती त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली, दर वेळी गाव बदलून. नाटकात आई मरते आणि मुंबईहून आलेला मुलगा तिच्या उशाशी बसतो, तिथे सारंगी वाजायची होती. आप्पांनी दुपारी आपल्या कॅसेटी एका लग्नघरी दिल्या होत्या आणि परत येताना डब्यांची अदलाबदल झाली होती. आईने प्राण सोडला आणि आप्पांनी बटण दाबलं तर वरातीचा बँड. मंडपात हशा पिकला. चादरीखाली मेलेल्या आईचं पोट हलू लागलं. आप्पांनी घाबरून वायरच उपटली. मग एकदम काहीच नाही. मुलाचं काम करणारा नट वाक्यं विसरला होता, तो नुसता आईची चादर सारखी करत बसला. त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला आणि तिच्या बांगड्या वाजल्या. मग दुसरीच्या वाजल्या, मग तिसरीच्या. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी आप्पांना मानाचा नारळ दिला आणि असं पार्श्वसंगीत पंचक्रोशीत झालं नाही म्हणून भाषण केलं.

"तीस वर्सं वाजीवलं," आप्पा म्हणायचे, "आनि नाव झालं ते वायर उपटल्याचं."

आता आप्पांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून ते रोज येत नाहीत. पण कुठलीही गोष्ट पाठवायच्या आधी मी ती घेऊन उचगावला जाते. ते अंगणातल्या खाटेवर बसून ऐकतात आणि हाताने खूण करतात, हे काढ, ते काढ. पुण्याची मंडळीही हल्ली आधी विचारतात, आप्पांनी ऐकली का. हे दिवस येण्यापूर्वी आमचं एक मोठं भांडण झालं. त्याशिवाय आप्पा सांगून पुरे होणार नाहीत.

मी निपाणीची. आई विड्या वळते. माझ्या लहानपणापासून तिच्या मांडीवर सूप आणि हातात कातर आहे. मी बी.ए. झाले, बेळगावला आले आणि गोष्टी लिहू लागले, तेव्हा ती दोन वर्षं एकच विचारत होती, की हे नक्की काम कसलं. तिला मला खुर्चीवर बसलेली बघायचं होतं. मी सांगायची की आमच्याकडेही खुर्ची आहे. ती म्हणायची, "खुर्ची असंल गं. पर ती उद्या असंल काय?" शेवटी मामाने निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत माझ्यासाठी कारकुनीची जागा बघितली. मी आईला शब्द दिला की पुण्याच्या कंपनीने माझी स्वतःची मालिका घेतली तर मी बेळगावला राहीन, नाही घेतली तर सांगशील त्या सोमवारी वखारीत हजर होईन. तिने सोमवार ठरवूनच टाकला.

मालिकेचा पहिला भाग मी जीव ओतून लिहिला. त्यात एक विडी कामगार बाई होती, आणि तिचा नवरा गेला तो दिवस होता. ऑफिसात मी सांगितलं की गोष्ट काल्पनिक आहे. ती काल्पनिक नव्हती. मी सातवीत असताना वडील गेले. पहाटे गेले, आणि आईने आदल्या संध्याकाळी विडीची पानं भिजवून ठेवली होती. भिजवलेलं पान थांबत नाही, दुसऱ्या दिवशी कापून वळलं नाही तर काळं पडून वाया जातं. दुपारी सगळं उरकून लोक परतले, बुद्धवंदना झाली, आणि आईने भिंतीला टेकवलेलं सूप मांडीवर ओढलं. आत्याने तोंडाला पदर लावला. नात्यातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा दुखवट्याला बसलेल्या गल्लीतल्या बायका उठल्या, घरी जाऊन आपापली कातर घेऊन आल्या आणि आईच्या पानांतली मूठमूठ पानं घेऊन कापायला बसल्या. संध्याकाळपर्यंत घरात फक्त कातरींचा आवाज होता.

हा प्रसंग मी लिहिला आणि त्याच्याखाली व्हायोलिन लावलं. चांगलं, महागातलं व्हायोलिन. सुरुवातीला एक, मग अनेक. स्वतःच ऐकून मी तीनदा रडले.

आप्पांनी तो भाग ऐकला आणि पहिली तक्रार कातरीची केली. ही न्हाव्याची कातर आहे, म्हणाले, ओलं पान कापताना असा आवाज येणार नाही. मी म्हटलं, एवढं कोण ऐकतंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. दुसऱ्या दिवशी ते मला न विचारता पहिल्या बसने निपाणीला गेले. मालकांकडून माझ्या घरचा पत्ता त्यांनी आधीच काढला होता.

आईने तो दिवस मला नंतर फोनवर सांगितला. एक म्हातारा आला, टिकटिकच्या ऑफिसातला आहे म्हणाला. ही टिकटिक कोण, हे कळायलाच तिला अर्धा तास लागला. मग तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला, पिशवीतून एक यंत्र काढून सुपाशेजारी ठेवलं आणि चार तास एक अक्षर बोलला नाही. चहा दिला तर बशीत ओतला नाही, आवाज होईल म्हणून. जाताना तेवढं म्हणाला की आक्का, हात लई गोड हाय तुमचा. "याड हाय व्हय गं त्ये?" आईने विचारलं. पण ती हसत होती. तिच्या कामाला कुणी गोड म्हटल्याचं मला आठवत नाही.

परत आल्यावर आप्पांनी मला समोर बसवलं. त्यांनी आईचा आवाज ऐकला होता, घर बघितलं होतं, भिंतीवरचा वडिलांचा फोटो बघितला होता. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी माझा तो प्रसंग लावला, व्हायोलिन ऐन भरात आलं तेव्हा थांबवला, आणि विचारलं, "त्या दिशी तुज्या घरात व्हायोलिन कोन वाजवत हुतं?"

मी भडकले. म्हटलं, ही गोष्ट आहे, घर नव्हे. लोकांना रडू यायला पाहिजे. तुमच्या जत्रेतल्या नाटकासारखं वायर उपटून चालत नाही, इथे माझी नोकरी, माझं सगळं टांगलेलं आहे. आणखीही काही बोलले, ते लिहायची लाज वाटते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"रडू दे की लोकं," ते म्हणाले. "पर तू अगुदरच रडून घेतलीस तर त्येनी काय करायचं?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लाईट गेली असताना एकटीने बसून व्हायोलिन काढून टाकलं आणि त्याच्या जागी आईची कातर ठेवली. मी मुकाट्याने तो भाग पुण्याला पाठवला. चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं. लेखन उत्तम, पण मृत्यूच्या प्रसंगात भावना पोहोचत नाहीत, तिथे संगीत हवं. शनिवारी संध्याकाळपर्यंत सुधारून पाठवावं. तो शुक्रवार होता, आणि आईचा सोमवार पुढे उभा होता.

मालक भला माणूस. ते म्हणाले, तुझं ते व्हायोलिन तयारच आहे, लाव आणि मोकळी हो. आप्पा कोपऱ्यात हरभऱ्याचा डबा हलवत बसले होते. आता ते काहीतरी टाकून बोलणार म्हणून मी तयारच होते. पण ते एवढंच म्हणाले, मला विचारू नको आणि पुण्यालाही विचारू नको, जिचं दुःख आहे तिला जाऊन विचार.

हे मला सगळ्यात अवघड होतं. तो दिवस मी लिहिलाय हे आईला माहीतच नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही. तिच्या पाठीमागे मी तो उचलून गोष्टीत घातला होता, आणि आता सांगायचं कसं? पण शनिवारी सकाळी आप्पा स्टँडवर माझ्या आधी येऊन बसले होते. निपाणीपर्यंत ते बसच्या खिडकीच्या सैल काचेवर ताल धरून होते. मी पेनचं बटण टिकटिकवत.

घरी आई आणि गल्लीतल्या चौघी जणी कामाला बसल्या होत्या. त्या दिवशी कातर घेऊन आलेल्यांतल्याच त्या. मी आईला म्हटलं, मी तुझ्यावर एक गोष्ट लिहिली आहे, ऐकशील का? ती म्हणाली, लाव की, हाताला काम हाय, कानाला काय. आप्पा उंबऱ्याशी बसले आणि माझ्या कानात म्हणाले, तोंडं बघू नको, हात बघ.

मी आधी व्हायोलिनचा भाग लावला. बायका ऐकत होत्या, कातरी चालल्या होत्या, सूप हलत होतं. व्हायोलिन चढत गेलं तशी एक जण म्हणाली, छान हाय गं, टीव्हीतल्या शिरेलीवानी. दुसरीने दोरा मागितला. आईचा हात एका लयीत चालू होता. माझी गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती, किंवा तिने ती दुसऱ्याच कुणाची तरी समजून घेतली होती.

मग मी दुसरा भाग लावला. तीच वाक्यं. मग वाक्यं संपली आणि मोबाईलमधून नुसती कातर ऐकू येऊ लागली. ओल्या पानातून जाणारी, थोडी अडणारी, पुन्हा चालणारी. पहिल्यांदा दोरा मागणारीचा हात थांबला. मग तिच्या शेजारणीचा. एकेक करून चौघींच्या कातरी गप्प झाल्या, आणि सगळ्यात शेवटी आईची. खोलीत आता मोबाईलमधलीच कातर चालू होती. मी आप्पांचं ऐकायचं विसरून आईच्या तोंडाकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती, जिथे त्या दुपारी सूप टेकवलेलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिने पुसलं नाही. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. आप्पांनी मान खाली घातली होती.

भाग संपला. मग आईने मांडीवरची कातर उचलली, उजेडात धरून तिचं पातं बघितलं आणि ती आप्पांना म्हणाली, "ह्यो आवाज बराबर न्हाय. त्या दिशी हिला चांगली धार हुती. आता बोथट झाल्या."

आप्पांनी पिशवीतून वही काढली. "मंग कवा येऊ, आक्का?"

"उद्या लावून आनतो धार," आई म्हणाली. "सोमवारी या सकाळच्या बसनं. आनि येताना हिला बरूबर घिऊन या."

तो वखारीत हजर व्हायचा सोमवार होता, पण वखारीचं नाव तिने काढलं नाही. संध्याकाळी पुण्याला कुठला भाग पाठवायचा, हेही मला आता विचारायचं उरलं नव्हतं. तिने सूप पुन्हा मांडीवर नीट घेतलं आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, जा आता, बस चुकंल.